रुपयाला चुंबक लावून बघा

'जुनी नाणी विका, लाखो मिळवा' हा निरोप परवा पुन्हा फोनवर आला. या वेळी सोबत एक सल्लाही होता : चुंबकाला चिकटला तर रुपया नकली. निरोप पुसून टाकला, पण कपाटातला चुंबक मात्र बाहेर काढला.

डब्यातून तीन रुपये घेतले. एक १९६२चा, एक १९७८चा, एक १९९२ नंतरचा. पहिला चटकन चिकटला, दुसरा ढिम्म, तिसरा पुन्हा चिकटला. तिन्ही अस्सल!

धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्याच्या वर गेली, की नाणं बाजारातून थेट आटवणाऱ्याच्या भट्टीत जातं. म्हणून सरकार धातू बदलत राहतं. चांदीचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४०मध्ये ती निम्म्यावर आली, १९४७मध्ये पार गेली आणि निकेल आलं. १९७५पासून तांबं-निकेल, १९९२पासून स्टेनलेस स्टील. २०११पासूनचा रुपया तर जेमतेम ३.७९ ग्रॅम.

आता गंमत. निकेल चुंबकीय, मग २५ टक्के निकेल असलेला मधला रुपया का चिकटत नाही? निकेलच्या अणूत 'डी' पातळीवर इलेक्ट्रॉनच्या काही जागा रिकाम्या असतात, ढोबळमानाने अणूमागे ०.६. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या फिरकीचा तोल बिघडतो, तेच चुंबकत्व. तांब्याकडे निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त. दोन्ही एकत्र वितळवले, की तो जादा इलेक्ट्रॉन रिकाम्या जागा भरतो. तांबं ६० टक्क्यांच्या आसपास पोचलं की जागा संपतात. आपल्या रुपयात ते ७५ टक्के!

स्टीलच्या रुपयात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, निकेल नाही. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्यात मात्र निकेल असतं. स्वतः चुंबकीय असूनही ते लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलतं, म्हणून डबा चिकटत नाही.

'तांब्याने पाणी शुद्ध होतं, म्हणून पूर्वज नदीत नाणी टाकत' असंही फिरवलं जातं. ते खरं धरलं, तरी आजच्या रुपयात तांबंच नाही. त्याचा उपयोग होतो तो घाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडणाऱ्या पोरांना. रुपये भराभर वर येतात, पाचाचं पिवळं नाणं तेवढं तळाशी राहतं. त्यासाठी बुडी मारावी लागते.