पऱ्हाटीतून नॅनोसेल्युलोज काढताना

कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे तिची झाडं, उपटून शेत मोकळं करायचं, नाहीतर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते. उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग धुऱ्यावर पडतो. थोडी चुलीत जाते, बरीच तिथंच पेटवली जाते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला मात्र तिच्यातलं सेल्युलोज, म्हणजे झाडाला ताठ ठेवणारा तंतुमय पदार्थ, हवं असतं.

सेल्युलोजच्या तंतूत घट्ट, स्फटिकासारखे भाग असतात आणि मधेमधे सैल जागा. ॲसिड आधी सैल जागी शिरून तंतू तोडतं. उरतात त्या 5 ते 20 नॅनोमीटर जाडीच्या, काहीशे नॅनोमीटर लांब कांड्या; हेच नॅनोसेल्युलोज (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). बेंग्ट रोनबी यांनी 1949 मध्येच सल्फ्युरिक ॲसिड वापरून सेल्युलोजचं असं कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण, केलं होतं.

खरी मेहनत साफसफाईची. पऱ्हाटीचा वाळवून केलेला भुसा 4 टक्के कॉस्टिक सोड्यात 80 अंशांवर दोन तास, असं दोन-तीनदा शिजवतात. काम लवकर उरकावं म्हणून सोडा 15-20 टक्क्यांवर नेला तर सेल्युलोजची स्फटिकरचनाच बदलते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही; भौतिकशास्त्राच्या विभागात क्ष-किरणांच्या आलेखात 22.5 अंशांच्या कोनाजवळचं ओळखीचं शिखर बिघडलेलं दिसतं, तेव्हा कळते. मग सोडियम क्लोराइटनं लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारा लाकडातला पदार्थ, घालवायचं. यात क्लोरीन डायऑक्साइड हा विषारी पिवळा वायू सुटतो, म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच.

पांढऱ्याशुभ्र लगद्याला 64 टक्के सल्फ्युरिक ॲसिड, 45 अंश, 45 मिनिटं. वेळ किंवा तापमान वाढलं की लगदा तपकिरी होतो, कांड्यांची साखर होते, पुढं कोळसा. वेळ होताच मिश्रण दहापट गार पाण्यात ओतून क्रिया थांबवायची. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही, हा नियम इथंही मोडायचा नाही.

पुढं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र. दर फेरीला वरचं नितळ पाणी फेकायचं आणि नवं घालायचं. एका फेरीला वरचं पाणी गढूळच राहतं. नवशिके तेही फेकतात, आणि माल मोरीत जातो! ॲसिड कमी झालं की कांड्यांवरचे ऋणभारित सल्फेट गट एकमेकींना दूर ढकलतात, त्या तळाशी बसत नाहीत. तो गढूळपणा म्हणजेच नॅनोसेल्युलोज. ते डायलिसिसच्या पिशवीत, म्हणजे उरलेलं ॲसिड बाहेर झिरपू देणाऱ्या पण कांड्या आत ठेवणाऱ्या पातळ पडद्यात, भरून, बाहेरचं पाणी उदासीन होईपर्यंत काही दिवस बदलत राहायचं. मग बाटली दोन आडव्या-उभ्या ध्रुवक काचांमध्ये (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा) धरून हलवली की इंद्रधनुषी पट्टे सरकताना दिसतात.

ओव्हनमध्ये वाळवू नका. कांड्या एकमेकींना चिकटून शिंगासारखं टणक पापुद्रं होतं आणि पुन्हा पाण्यात सुटत नाही. गोठवून वाळवणं बरं, पण महागडं. शिवाय प्रत्येक फेरीचं ॲसिडी सांडपाणी चुन्यानं मारावं लागतं, त्यातून जिप्समचा गाळ निघतो. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात असा कारखाना काढायचा विचार करणाऱ्यानं आधी पाण्याचा हिशेब मांडावा.