शाळेच्या लॉगिनला पासवर्ड पुरत नाही

डिसेंबर २०२४ मध्ये 'पॉवरस्कूल' या अमेरिकी कंपनीच्या मदत-पोर्टलवर एकाने लॉगिन केलं. पासवर्ड बरोबर होता, पण चोरलेला. त्यापुढे पोर्टलने काही विचारलंच नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो शाळा मुलांची माहिती या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. नावं, पत्ते, जन्मतारखा, काहींच्या आजारपणाच्या नोंदीसुद्धा बाहेर गेल्या. टोरोंटोच्या शाळा मंडळाला तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती यात असू शकते, असं जाहीर करावं लागलं. कंपनीने खंडणी भरली, तरी मे २०२५ मध्ये शाळांना त्याच माहितीवरून पुन्हा धमक्या आल्या. या प्रकरणात गुन्हा कबूल करणारा मॅसॅच्युसेट्समधला कॉलेज विद्यार्थी १९ वर्षांचा होता.

चोर दरवेळी एवढ्या लांबून येतो असंही नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने शिक्षणसंस्थांमधल्या, आतल्याच माणसांकडून झालेल्या माहितीगळतीची २१५ प्रकरणं तपासली. त्यांतली ५७ टक्के विद्यार्थ्यांनी केलेली होती. चोरलेलं लॉगिन वापरल्याची जी प्रकरणं होती, त्यांत तर ९७ टक्के वेळा विद्यार्थीच होते. सरांचा पासवर्ड ओळखायचा किंवा टेबलावरच्या चिठ्ठीवर वाचायचा, एवढ्यावर काम भागतं.

म्हणून दुसरा पुरावा मागायचा. पासवर्ड डोक्यात असतो, दुसरा पुरावा हातात असावा लागतो. फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार. हा कोड कुठून येतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तो कुठूनच येत नाही. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त संख्या फोनमध्ये जाते. तीच संख्या सर्व्हरकडेही असते. १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती तुकडे उलटले, हे दोघंही आपापल्या घड्याळावरून मोजतात. तो आकडा आणि गुप्त संख्या एका गणिती क्रियेत घातली की दोन्हीकडे तेच सहा अंक निघतात. उत्तरावरून गुप्त संख्या शोधून काढणं व्यवहारात अशक्य. ही पद्धत २०११ मध्ये प्रमाणित झाली. तिला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही. डोंगरातल्या शाळेत एसएमएसची वाट बघत बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं.

अर्थात बनावट लॉगिन पानावर शिक्षकाने पासवर्डबरोबर कोडही टाकला, तर चोर त्याच अर्ध्या मिनिटात तो खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकी, म्हणजे फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, आणि यूएसबी सिक्युरिटी की, म्हणजे पेनड्राइव्हसारखी संगणकाला लावायची किल्ली, इथे वरचढ ठरतात. लॉगिनसाठी लागणारी डिजिटल सही करण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता तपासला जातो, आणि पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी सही मिळत नाही. माणसाची नजर चुकते, ही तपासणी चुकत नाही. शाळेच्या सगळ्या खात्यांचा ताबा ज्यांच्याकडे आहे, त्या दोघा-तिघांना तरी अशी की घेऊन द्यावी. शाळेच्या खर्चात बसणारी ही गोष्ट आहे.

मुलांचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आधी शिक्षक, कार्यालय आणि मुख्याध्यापक. एका विद्यार्थ्याच्या खात्यात त्याचा गृहपाठ असतो. शिक्षकाच्या खात्यातून सगळा वर्ग दिसतो. शिवाय आपल्याकडे कितीतरी घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. ऑनलाइन शाळेच्या काळात हे सगळ्यांनी पाहिलंय. अशा मुलाकडे वर्गात ओटीपी मागणं म्हणजे त्याला वर्गाबाहेर ठेवणं. लहान मुलांच्या खात्यांना कमीत कमी अधिकार द्यावेत, बाहेरून ईमेल येणं बंद ठेवावं. मोठ्या मुलांना छापील बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना वापरायचे कोड, देता येतात. गूगल असे आठ अंकी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो.

सक्ती करताना मुदत द्या. एका सोमवारी अचानक टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे हीच दुसऱ्या पुराव्याची अट, चालू केलं की निम्मा स्टाफ बाहेर अडकतो, आणि मग वैतागून ते कायमचं बंद होतं. शाळेची सगळी खाती जिथून सांभाळली जातात, त्या गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये गटवार सक्ती आणि नव्या खात्यांसाठी सवलतीचा काळ, दोन्ही ठरवता येतात. त्या काळात स्टाफरूममध्ये शेजारी बसून एकेकाचा फोन जोडून द्यावा.

आणि एक सवय मोडायलाच हवी. मुख्याध्यापकांचं लॉगिन संगणक येणाऱ्या एखाद्या शिक्षकाने वापरायचं आणि ओटीपीसाठी त्यांना फोन लावायचा, हे अनेक शाळांत रोजचं आहे. फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की तो मागणारा आवाज कुणाचा, हे कुणी तपासत नाही. ज्याचं काम त्याचं वेगळं खातं आणि त्याला हवे तेवढेच अधिकार द्यावेत. ॲडमिन किमान दोघे असावेत, आणि बदली झालेल्या माणसाचा नंबर कार्यमुक्तीच्या दिवशीच खात्यातून काढावा. नाहीतर जूनमध्ये नवे मुख्याध्यापक रुजू होतात आणि ओटीपी मात्र जुन्यांच्या फोनवर, दुसऱ्या तालुक्यात वाजत राहतो.