जोड्या लावा, रेणू ओळखा

कापसाची वेचणी सरली की मराठवाड्यात वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात आणि भगुण्याच्या बुडाला काजळीची पुटं चढतात. अर्धवट जळणाच्या त्या धुरात अँथ्रासीन, फेनांथ्रीन असे ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात, म्हणजे कार्बनचे षटकोन एकमेकांना चिकटून झालेले रेणू. लुगड्यांच्या पेटीतली जुन्या पद्धतीची डांबरगोळी, नॅफ्थलीन, त्याच घराण्यातली; तिच्यात षटकोन दोनच.

आता हायड्रोजन सोडून द्या. प्रत्येक कार्बनचा एक ठिपका, प्रत्येक बंधाची एक रेघ. लांबी नको, कोन नको. कोण कोणाचा शेजारी एवढंच ठेवा. झाला रेणूचा आलेख. नॅफ्थलीनचे १० ठिपके, ११ रेघा.

शेजाऱ्यांशी एकेरी बंध जुळल्यावर प्रत्येक कार्बनकडे एक इलेक्ट्रॉन उरतो. तो एका शेजाऱ्याच्या इलेक्ट्रॉनशी जुळला की तिथला बंध दुहेरी होतो. म्हणजे परीक्षेतला ‘जोड्या लावा’चाच प्रश्न, फक्त जोडी शेजाऱ्याशीच हवी आणि मागे कोणी उरता कामा नये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये मांडलेल्या बेंझीनच्या, म्हणजे एकाच षटकोनाच्या, कड्यात हे दोन प्रकारे जमतं. नॅफ्थलीनमध्ये मधली सामाईक रेघ दुहेरी धरली, तर बाकीच्या जोड्या एकाच प्रकारे बसतात. ती एकेरी ठेवली, तर बाहेरच्या दहा ठिपक्यांच्या कड्यात दोन प्रकारे. एकूण ३.

साधारणपणे असे प्रकार जितके जास्त, तितका रेणू स्थिर. अँथ्रासीन आणि फेनांथ्रीन दोघांतही १४ कार्बन, १० हायड्रोजन, तीन-तीन षटकोन. अँथ्रासीनचे षटकोन सरळ रांगेत, त्याचे प्रकार ४. फेनांथ्रीनची रांग वाकडी, त्याचे ५. जास्त स्थिर फेनांथ्रीनच. अर्थात नुसती मोजदाद म्हणजे सगळं रसायनशास्त्र नव्हे. ऊर्जेचा अंदाज हवा तर १९३१ मधली ह्युकेलची पद्धत आहे, आणि तीही मुळात याच शेजारांच्या तक्त्यावर चालते.

मला खरी मजा वाटते ती जोड्या न लागणाऱ्या रेणूंची. सहा षटकोनांचा त्रिकोण रचा : ट्रायअँग्युलीन, २२ कार्बन. शेजारी ठिपक्यांना वेगळे रंग द्या, एक काळा, एक पांढरा. मोजलं तर एका रंगाचे १२, दुसऱ्याचे १०. जोडी नेहमी काळ्या-पांढऱ्याचीच, त्यामुळे काहीही करा, दोन ठिपके एकटे राहणारच. एकटे इलेक्ट्रॉन दिसेल त्याच्याशी जुळायला बघतात. रसायनशास्त्रज्ञ एरिख क्लारने १९५० च्या दशकात हा रेणू बनवायचा प्रयत्न केला, पण तो हाती लागला नाही. अखेर २०१७ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत दोन हायड्रोजन जादा असलेला रेणू घेऊन, सुईने अणू चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने ते दोन उडवून तो तयार केला गेला.

क्लारनेच १९७२ मध्ये याहून खट्याळ रेणू सुचवला होता. ३८ कार्बनचा, कमरेत बारीक पेल्यासारखा. यात काळे १९, पांढरे १९, हिशोब चोख; तरी सगळ्या जोड्या लागत नाहीत, कारण एका रंगाची गर्दी पेल्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याची खालच्या, आणि कमरेतून वाट पुरत नाही. पेन्सिल घेऊन षटकोन मांडून पाहा. सोन्याच्या पृष्ठभागावर हा पेला २०१९ मध्ये खरोखर बनला.