घरगुती बिटकॉइन नोड : खाजगीपणा व सुरक्षितता

घरगुती बिटकॉइन नोड : बिटकॉइनच्या साखळीतील प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) व प्रत्येक व्यवहार स्वतः तपासणारा, घरच्या संगणकावर अखंड चालणारा नोड, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातील एक सहभागी. बिटकॉइन कोअर ही आज्ञावली त्यासाठी सर्वाधिक वापरली जाते.

‘नोड’ या शब्दाच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात ब्लॉक तयार करणाऱ्यालाच नोड म्हटले आहे. जानेवारी २००९ मधील पहिल्या आज्ञावलीत वॉलेट (पैसे घेण्या-पाठवण्याची सोय), खाणकाम (नवे ब्लॉक तयार करणे) आणि पडताळणी एकाच ठिकाणी होती. केवळ पडताळणी करणाऱ्या नोडला वेगळे स्थान केव्हा मिळाले, याची नेमकी तारीख देता येत नाही. मात्र २०११ च्या सुमारास हलकी वॉलेटे (संपूर्ण साखळी स्वतः न ठेवणारी) येऊ लागल्यावर हा भेद रुजला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. खाणकाम न करणारा नोड बिनमहत्त्वाचा असतो, या मताला आज फारसा आधार उरलेला नाही. त्याच्या मालकाला मिळालेले पैसे खरे आहेत की नाहीत, हे तोच ठरवतो.

खाजगीपणा दोन वाटांनी गळतो : विचारणा आणि प्रसारण. घरचा नोड पहिली गळती थांबवतो, दुसरी थांबवत नाही. या दोहोंची गल्लत हेच बहुतेक चुकांचे मूळ होय.

विचारणा : हलके वॉलेट आपल्या पत्त्यांवरील (पैसे घेण्याच्या क्रमांकांवरील) शिल्लक परक्या सर्व्हरला विचारते. त्यामुळे हे सर्व पत्ते एकाच माणसाचे आहेत, हे त्या सर्व्हरला आयते कळते. २०१२ मध्ये सुचवलेल्या ब्लूम गाळणीने (नेमके पत्ते न सांगता ढोबळ विचारणा करण्याच्या रीतीने) यावर उपाय होईल असे वाटले होते. परंतु २०१४ मध्ये जर्व्हे व सहकाऱ्यांनी दाखवले, की थोडे पत्ते असलेल्या वॉलेटचे जवळजवळ सगळे पत्ते या गाळणीतून ओळखता येतात. बिटकॉइन कोअर ०.१९ पासून ही सेवा मूळ मांडणीत बंद आहे. सर्व्हर घरचा असला की विचारणा घरातच राहते. त्यासाठी नोडवर इलेक्ट्रएस किंवा फुलक्रम ही सर्व्हरची आज्ञावली चालवून वॉलेट त्याला जोडतात. या दोन्हींना संपूर्ण साखळी लागते, छाटलेला (जुने ब्लॉक पुसून टाकणारा) नोड चालत नाही. वॉलेटमध्ये ‘आपोआप सर्व्हर निवडा’ हा पर्याय चालू राहिला, तर ते परक्या सर्व्हरकडेही जाते. पैसे पाठवल्यावर तोच व्यवहार सार्वजनिक एक्सप्लोररवर (साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) शोधला, तरी सगळी मेहनत वाया जाते.

प्रसारण : व्यवहार सर्वांत आधी ज्याच्याकडून आला तोच बहुधा त्याचा उगम, हे डॅन कामिन्स्की यांनी २०११ मध्ये मांडले. बिर्युकोव्ह, खोव्रातोविच व पुस्तोगारोव्ह यांनी २०१४ मध्ये त्यापुढे जाऊन, नोड ज्या थोड्या पीअरशी (दुसऱ्या नोडांशी) स्वतःहून जोडला जातो त्यांचा संचच त्याची ओळख ठरू शकतो, असे दाखवले. २०१५ मध्ये बिटकॉइन कोअरने प्रसारणातील विलंबाची पद्धत बदलली. पण फांती व विश्वनाथ यांच्या २०१७ च्या विश्लेषणानुसार जुनी व नवी दोन्ही पद्धती दुबळ्याच आहेत. त्यांच्या गटाने सुचवलेली डँडेलिअन ही रीत बिटकॉइन कोअरमध्ये आली नाही. तिची सुधारित आवृत्ती मोनेरो या दुसऱ्या डिजिटल चलनाने स्वीकारली. अडकलेला व्यवहार वॉलेट पुन्हा पुन्हा प्रसारित करते, हीदेखील खूणच. बिटकॉइन कोअर ०.२१ मध्ये हे अंतर सुमारे १५ मिनिटांवरून १२ ते ३६ तासांवर नेले गेले.

टॉरचा वाद : बिर्युकोव्ह व पुस्तोगारोव्ह यांनी २०१५ मध्ये टॉरमार्गे (आयपी पत्ता लपवणाऱ्या जाळ्यातून) बिटकॉइन वापरण्याविरुद्ध इशारा दिला. हल्लेखोर टॉरच्या बाहेर पडण्याच्या दारांवर इतर नोडांकडून बंदी आणवतो आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या दाराकडे ढकलतो, असा त्यांचा मुद्दा होता. दोन्ही टोकांना ऑनियन पत्ते (टॉरच्या आतलेच पत्ते) असतील, तर बाहेरचे दार लागतच नाही. त्यामुळे हा आक्षेप आज बराचसा सौम्य झाला आहे. उरतो तो वेढ्याचा धोका : ऑनियन पत्ते फुकट बनतात, म्हणून एकच माणूस हजारो पीअर उभे करू शकतो. हाइलमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वर्णन केलेल्या वेढा-हल्ल्यात नोडच्या सर्व जोडण्या हल्लेखोराच्या हाती जातात आणि त्याला खोटे चित्र दाखवले जाते. त्यानंतर पीअर निवडण्याची पद्धत सुधारली, ०.१९ मध्ये नेहमीच्या ८ बाह्य जोडण्यांना फक्त ब्लॉकसाठीच्या २ जोडण्यांची भर पडली. व्यवहारांचा उगम लपवणे महत्त्वाचे वाटत असेल, तर ‘ऑनलीनेट’ या सेटिंगमध्ये ऑनियन व आयटूपी (टॉरसारखेच दुसरे जाळे) अशी दोन्ही जाळी देणे हा मधला मार्ग अधिक योग्य. आयटूपीची सोय २२.० आवृत्तीपासून आहे.

मांडणी : टॉरचा प्रॉक्सी १२७.०.०.१ वर (म्हणजे त्याच संगणकावर) ९०५० या पोर्टला आणि नियंत्रण ९०५१ ला असते. डेबियन या लिनक्सवर नोड चालवणारा वापरकर्ता टॉरच्या गटात नसेल, तर ऑनियन पत्ता तयारच होत नाही आणि चूक फक्त लॉगमध्ये दिसते. नोड प्रथम सुरू करण्यापूर्वीच टॉरचे हे सेटिंग करावे. नंतर केले, तर आयपी पत्ता आधीच जगजाहीर झालेला असतो. टॉरवरून पहिली जुळणी (संपूर्ण साखळी उतरवून तपासणे) फार रेंगाळते. म्हणून काहीजण ती उघड्या जाळ्यावर, वॉलेट न उघडता, पूर्ण करतात. त्यात आयपी पत्ता जाहीर होतो आणि इंटरनेट सेवादात्याला नोडचा सुगावा लागतो, पण वॉलेटमधील पत्ते उघड होत नाहीत. बिटकॉइन कोअर २७.० पासून, समोरच्या पीअरलाही ती सोय असेल, तर पीअरमधील संवाद मूळ मांडणीतच कूटबद्ध असतो, तरी समोरचा पीअर कोण आहे याची खात्री त्यातून मिळत नाही.

राउटरवर उघडायचेच झाले, तर ८३३३ हे (नोडांच्या आपसातील संवादाचे) एकच पोर्ट उघडावे. ८३३२ व ५०००१ कधीही उघडू नयेत : पहिल्यावरून नोडला आज्ञा जातात, दुसऱ्यावर इलेक्ट्रएस असते आणि दोन्हींवरील संवाद साधा, न झाकलेला असतो. बाहेरून पोहोचायचे असेल, तर एसएसएच बोगदा किंवा वायरगार्ड ही कूटबद्ध वाट, नाहीतर ऑनियन पत्ता वापरावा. भारतात अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांत वाटतात. अशा घरी ८३३३ उघडूनही आत जोडणी येत नाही. ऑनियन पत्त्याला मात्र हा अडथळा नसतो.

किल्ल्या : मोठ्या रकमेच्या खाजगी किल्ल्या (पैसे खर्च करण्याचा अधिकार देणारी गुपिते) नोडवर ठेवू नयेत, तेथे केवळ पाहण्यापुरते वॉलेट ठेवून स्वाक्षरी हार्डवेअर वॉलेटवर (किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या उपकरणावर) करावी. वॉलेट फाइलला पासवर्ड लावला, तरी फक्त खाजगी किल्ल्या झाकल्या जातात. पत्ते व व्यवहारांचा इतिहास उघडाच राहतो, त्यामुळे चोरलेला बॅकअपही बरेच सांगून जातो. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे हा त्यावर इलाज. मात्र वीज जाऊन आली की पासफ्रेज टाकेपर्यंत यंत्र थांबून राहते. आज्ञावली उतरवल्यावर हॅशच्या (फाइल ओळखण्याच्या ठशांच्या) यादीवरील स्वाक्षऱ्या आधी तपासाव्यात आणि मग फाइलचा हॅश जुळवावा. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वॉलेटच्या काही वापरकर्त्यांना खोट्या सर्व्हरांनी ‘नवी आवृत्ती घ्या’ असे संदेश दाखवून लुबाडले.

यंत्र : २०२४ अखेर साखळीने ६०० जीबी ओलांडले होते, म्हणून २ टीबीचा एसएसडी घ्यावा, मेमरी कार्डावर साखळी ठेवू नये. जागा नसेल, तर ब्लॉकचा साठा किमान ५५० एमबीपर्यंत छाटता येतो. अवचित वीज गेल्याने डेटाबेस बिघडला, तर नाणे-स्थितीची (न खर्चलेल्या नाण्यांच्या नोंदीची) पुनर्बांधणी करावी लागते आणि छोट्या यंत्रावर तिला दिवस लागतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बिघाडाचे कारण पुष्कळदा अपुरा वीजपुरवठा असतो : एसएसडी यूएसबीतून वीज ओढतो आणि ऐन लेखनाच्या वेळी दाब पडतो. मूळ अडॅप्टर आणि राउटरसह दोहोंना पुरेल असा छोटा यूपीएस घ्यावा.