पार्श्वभूमी : मुलांची गरिबी कोणत्या काट्यावर?

आपल्याकडे मुलांची वेगळी दारिद्र्यरेषा कधीच नव्हती. १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी माणशी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरून रेषा आखली गेली, तीही तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांची गरज एकत्र करून काढलेली सरासरी. पुढे समित्या आल्या, निकष बदलले, मोजायचे एकक मात्र घरच राहिले. घर रेषेच्या वर गेले म्हणजे त्यातली मुलेही गेली, असे धरून चालायचे.

त्यामुळे मुलांचे कसे चालले आहे याची सरकारला खबर लागायची ती अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून. १९९३ नंतर मेळघाटचे बालमृत्यू विधिमंडळात आणि न्यायालयात गाजू लागले, तशी महाराष्ट्रात या नोंदींना राजकीय धार आली.

काटा तोच राहिला, पण वजन कशाशी ताडायचे हे मधेच बदलले. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ तिथे आहे. जुनी पद्धत १९७२ ची. मुलाचे वजन त्या वयाच्या प्रमाण वजनाच्या किती टक्के भरते त्यावरून पहिली ते चौथी श्रेणी ठरे. ८० टक्क्यांच्या वर सर्वसाधारण, ६० किंवा त्याखाली तिसरी-चौथी. बोभाटा व्हायचा तो फक्त या शेवटच्या दोन श्रेणींचा. प्रमाण वजन परदेशी मुलांचे होते. २००६ मध्ये नवे जागतिक निकष आले, ते सहा देशांतल्या सुस्थितीतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून तयार केलेले. त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलेही होती. ‘आमची मुले मुळातच लहान चणीची’ हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडायला हवा होता. तो आजही अधूनमधून ऐकू येतो. केंद्राने २००८ मध्ये हे निकष स्वीकारले, महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांपर्यंत पोहोचायला आणखी काळ गेला. मुलींसाठी गुलाबी, मुलांसाठी निळा तक्ता आला. त्यावर हिरवा, पिवळा आणि केशरी पट्टा.

तीन वर्षांचा, साडेनऊ किलोचा मुलगा घ्या. जुन्या हिशेबात तो साधारण ६५ टक्क्यांवर, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत. काळजीचा, पण बातमीचा नाही. नव्या तक्त्यावर तीव्रची रेषा १० किलोवर असल्याने तोच मुलगा केशरी पट्ट्यात, तीव्र कमी वजनाचा. उलट साडेअकरा किलोचा मुलगा आधी पहिल्या श्रेणीचा कुपोषित होता, तो आता हिरव्यात गेला. म्हणजे तीव्र मुलांचा आकडा फुगला आणि एकूण कुपोषितांचा उतरला. ज्याला जे दाखवायचे त्याने ते उचलले. निकष बदलणे योग्यच होते, असे माझे मत. पण वर जायच्या त्या श्रेणीवार बेरजा. मूळ किलो-ग्रॅम अंगणवाडीच्या रजिस्टरमध्येच पडून राहत. त्यामुळे जुनी वर्षे नव्या रेषेवर मांडायची सोयच उरली नाही आणि आकड्यांची सलग मालिका तुटली.

त्यात भर ‘सॅम’ची. अति तीव्र कुपोषित, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, किंवा दोन्ही पायांवर सूज. तीव्र कमी वजन हे वयाच्या मानाने ठरते. दोन्हींना सर्रास ‘तीव्र कुपोषण’ म्हटले जाते. वरच्या साडेनऊ किलोच्या मुलाची उंची खुंटून ८४ सेंटिमीटरवर अडकली असेल, तर उंचीच्या हिशेबात त्याचे वजन सॅमच्या रेषेच्या वर भरते. तक्त्यावर केशरी असलेले हे मूल सॅमच्या यादीत नसते, आणि उपचार केंद्राचा दरवाजा सॅमसाठी. बापजन्मात पोटभर न मिळाल्याने खुरटलेले मूल असे दोन याद्यांच्या मधे राहते.

२०१२ च्या राज्यापुरत्या सर्वेक्षणात दोन वर्षांखालील खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची फारच कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २३.३ वर आल्याचे दिसले आणि राज्याची देशाबाहेरही वाहवा झाली. तुलना एकाच वयोगटाची होती, त्यात खोट नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये राज्यातले पाच वर्षांखालील खुरटलेल्यांचे प्रमाण ३४.४ सांगितले आणि ते २०१९-२१ मध्ये ३५.२ झाले. उंचीच्या मानाने रोडावलेली मुले तर २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती, पुढच्या दोन्ही पाहण्यांत २५.६. वाहवेच्या वेळी वाजलेले नगारे या आकड्यांना मिळाले नाहीत.

२०१८ च्या पोषण मोहिमेने खुरटण्यात वर्षाला दोन टक्के घट हे उद्दिष्ट ठेवले. २०२१ पासून वजन-उंची अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलमधल्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर चढू लागली. ट्रॅकरनुसार २०२४ मध्ये देशात कमी वजनाची मुले १७ टक्के. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३२.१. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट झाली, की अंगणवाडीच्या वहीत न सापडलेली मुले ट्रॅकरवरही नाहीत?

याच सुमारास दारिद्र्य मोजायला बहुआयामी निर्देशांक आला. त्यात आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांतल्या एकेका उणिवेला ठरावीक भार आहे. घरातल्या कुपोषणाचा भार एक षष्ठांश आणि घर गरीब ठरायला उणिवांची बेरीज निदान एक तृतीयांश भरावी लागते. शाळा, नळ, शौचालय, गॅस, बँक खाते वगैरे जमलेले असेल, तर कुपोषित मूल असूनही घर गरिबांत मोजले जात नाही. या निर्देशांकानुसार महाराष्ट्रातले गरीब १४.८० टक्क्यांवरून ७.८१ वर आले. आधार २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या त्याच दोन पाहण्यांचा. त्या पाहण्यांत राज्यातली कमी वजनाची मुले होती ३६.० आणि ३६.१ टक्के.