लाइट पेंटिंगचा थेट प्रिव्ह्यू (मोबाइल छायाचित्रण)

अंधारात कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवायचे आणि हलत्या दिव्याने हवेत किंवा एखाद्या वस्तूवर चित्र काढायचे, या पद्धतीला लाइट पेंटिंग म्हणतात. हे चित्र काढत असतानाच त्याची प्रत्येक रेघ मोबाइलच्या पडद्यावर उमटत जाताना दिसण्याची सोय म्हणजे लाइट पेंटिंगचा थेट प्रिव्ह्यू. ‘प्रिव्ह्यू’ हा शब्द रूढ झाला असला तरी तो इथे थोडा फसवा आहे. नेहमीच्या प्रिव्ह्यूत फोटो काढण्यापूर्वी तो कसा येईल याचा अंदाज दिसतो. इथे पडद्यावर दिसतो तो फोटोच असतो, त्या क्षणापर्यंत जितका तयार झाला असेल तितका. काढणारा थांबला की तोच जतन होतो.

आंधळे रेखाटन

या सोयीचे मोल कळायचे तर आधीचा काळ पाहावा लागतो. १८८९ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज दमनी यांनी माणसाच्या सांध्यांवर विजेचे छोटे दिवे बांधून त्याची चाल एकाच छायाचित्रात टिपली. हेतू शरीरशास्त्राचा होता, पण लाइट पेंटिंगचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हातांना दिवे लावून कामातल्या वाया जाणाऱ्या हालचाली शोधल्या. कलावंतांपैकी मॅन रे यांनी १९३५ मध्ये छोट्या दिव्याने हवेत गिरवत स्वतःचे छायाचित्र काढले. १९४९ मध्ये छायाचित्रकार जॉन मिली दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस इथे पाब्लो पिकासोंना भेटले, आणि पिकासोंनी अंधाऱ्या खोलीत विजेच्या दिव्याने अर्धा घोडा, अर्धा माणूस असा सेंटॉर हवेत रेखाटला. ‘लाइफ’ मासिकाने ती छायाचित्रे १९५० च्या जानेवारीत छापली.

पिकासोंच्या त्या सेंटॉरकडे पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते. तो काढताना त्यांना स्वतःला तो दिसत नव्हता. घोड्याची पाठ कुठे संपली, पाय कुठून सुरू करायचा, हे हाताच्या स्मृतीवर चालले होते. रेघ हवेत विरत होती आणि फिल्म धुतल्यावरच चित्र समोर येणार होते. पिकासोंना ते जमले. बाकीच्यांनी चेहरा काढला तर डोळे कपाळावर जायचे.

डिजिटल कॅमेरा आला तरी ही अडचण लगेच सुटली नाही. एसएलआर कॅमेऱ्यात शटर उघडले की आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. मागचा पडदाही एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश टिपणे, संपेपर्यंत कोरा राहतो. हवा तितका वेळ शटर उघडे ठेवण्याची ‘बल्ब’ ही सोय जुनीच होती. तिचे नाव विजेच्या दिव्यावरून आलेले नाही, जुन्या कॅमेऱ्यांचे शटर चालवणाऱ्या रबरी फुग्यावरून आले आहे. पण बल्बमध्ये शटर उघडे असताना आत काय साठत आहे, हे पाहण्याचा मार्ग नव्हता. तो पहिल्यांदा ठळकपणे खुला केला ऑलिंपस कंपनीने. २०१२ च्या ओएम-डी ई-एम५ या कॅमेऱ्यात ‘लाइव्ह बल्ब’ आला. त्यात चालू एक्स्पोजरचे चित्र ठरावीक अंतराने पडद्यावर ताजे होई. २०१४ च्या ई-एम१० मध्ये ‘लाइव्ह कॉम्पोझिट’ आले. या दोहोंची नावे सारखी वाटतात, पण आतली रीत अगदी वेगळी आहे, आणि मोबाइलवरच्या प्रिव्ह्यूचा सगळा विचार याच फरकाभोवती फिरतो.

बेरीज, सरासरी आणि कमाल

फोनमधल्या नेहमीच्या कॅमेऱ्याला हलणारे यांत्रिक शटर नसते. प्रकाश टिपणारा सेन्सर एकामागून एक फ्रेम, म्हणजे सुटे चित्र, वाचत जातो, साधारणतः सेकंदाला ३०. म्हणून २० सेकंदांचे लाइट पेंटिंग म्हणजे फोनच्या दृष्टीने ६०० छोटी चित्रे. ती एकत्र कशी करायची, हा खरा प्रश्न.

पहिला मार्ग बेरजेचा. प्रत्येक बिंदूवर पडलेला प्रकाश मिळवत जायचा. फिल्मवर आणि उघड्या शटरमागच्या सेन्सरवर निसर्गतः हेच घडते. पण फ्रेममधल्या बिंदूचे मूल्य ० ते २५५ या पट्टीत धरले आणि अंधाऱ्या भिंतीचे मूल्य जेमतेम २ असले, तरी ६०० फ्रेमांनंतर ते १२०० होते, म्हणजे भिंत पांढरीफटक. बेरीज नीट करायची तर प्रत्येक फ्रेम पुरेशी अंधारी हवी, साठवण जास्त बिटांची, म्हणजे मोठे आकडे मावतील अशी हवी, आणि फोनने चित्र डोळ्यांना बरे दिसावे म्हणून लावलेली उजळपणाची वक्र पट्टी आधी उलटवायला हवी. हे सगळे सेकंदाला ३० वेळा.

दुसरा मार्ग सरासरीचा. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दाखवायला तो उत्तम, कारण त्यात चित्रातला कणकणीतपणाही (नॉइज, म्हणजे सेन्सरमुळे उमटणारे बारीक ठिपके) कमी होतो. लाइट पेंटिंगला मात्र तो मारक आहे. टॉर्च एखाद्या बिंदूवरून एकाच फ्रेमपुरता गेला तर तिथले २५५ हे मूल्य ६०० ने भागले जाते आणि ०.५ हूनही कमी उरते. रेघ नाहीशी होते. एखाद्या ॲपमध्ये लांब एक्स्पोजर निवडूनही टॉर्चची रेघ उमटत नाही, अशी तक्रार नवशिके करतात तेव्हा दोष बहुधा टॉर्चचा नसतो, निवडलेल्या रीतीचा असतो.

तिसरा मार्ग कमाल मूल्याचा. प्रत्येक बिंदूवर जुने आणि नवे मूल्य ताडून पाहायचे आणि मोठे ते ठेवायचे. भिंत २ वरच राहते, टॉर्चची रेघ २५५ वर टिकते. हिशेब इतका हलका आहे की फोनचा ग्राफिक्स प्रोसेसर तो सहज उरकतो. शिवाय वक्र पट्टी उलटवायची गरज नाही, कारण त्या पट्टीतून गेल्यावर मोठे मूल्य मोठेच राहते. मोबाइलवर थेट प्रिव्ह्यू शक्य झाला तो मुख्यतः या रीतीमुळे. लाइव्ह कॉम्पोझिट हे याच जातीचे, तर लाइव्ह बल्ब बेरजेचे.

कमाल मूल्याची किंमतही मोजावी लागते. खऱ्या एक्स्पोजरमध्ये एखाद्या कातळावर टॉर्च दोनदा फिरवला तर तो दुप्पट उजळतो. चित्रकार रंगाचा दुसरा हात देतो तसे. कमाल रीतीत दुसरा हात लागतच नाही, सर्वांत उजळ क्षण तेवढा राहतो. म्हणून हवेतल्या रेघांसाठी ही रीत उत्तम, पण किल्ल्याच्या बुरुजावर हलका प्रकाश चढवत नेण्यासाठी अपुरी. दुसरे, सेन्सरमधला यादृच्छिक कणकणीतपणा प्रत्येक फ्रेममध्ये वरखाली होतो आणि कमाल रीत त्यातले फक्त ‘वर’ वेचते. परिणामी अंधार हळूहळू करडा होत जातो. लाल रेघेवरून हिरवी रेघ गेली की छेदाच्या जागी पिवळा ठिपका दिसतो, तोही याचाच परिणाम. प्रत्येक रंगाची कमाल वेगळी धरली जाते.

मोबाइलवरचा प्रवास

२०१४ हे वर्ष इथे महत्त्वाचे. त्या वर्षी आलेल्या आयओएस ८ आणि अँड्रॉइड ५.० या दोन्ही प्रणालींनी बाहेरच्या ॲपना एक्स्पोजरचा काळ आणि सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता (आयएसओ) हाताने ठरवण्याची मुभा दिली. तरी आयफोनवर एका फ्रेमचा सर्वाधिक काळ अनेक वर्षे एका सेकंदापेक्षा कमीच होता, त्यामुळे ‘स्लो शटर कॅम’सारख्या ॲपना फ्रेमा जुळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. या मर्यादेनेच थेट प्रिव्ह्यूला वाट दिली, असे म्हणता येईल. फ्रेमा सुट्या येत होत्या म्हणून तर मधले चित्र दाखवता आले.

एप्रिल २०१५ मध्ये लंडनला सादर झालेल्या ह्वावे पी८ या फोनने ही सोय फोनच्या मूळ कॅमेऱ्यातच आणली. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा, प्रकाशाने केलेले लेखन, मऊ पाणी आणि ताऱ्यांचे माग असे चार प्रकार त्यात होते, आणि चित्र पडद्यावर घडताना दिसत असे. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये लाइव्ह फोटोला (आयफोनच्या काही सेकंदांच्या हलत्या फोटोला) लांब एक्स्पोजरचे रूप देता येऊ लागले, पण ते फोटो काढून झाल्यावर आणि सुमारे ३ सेकंदांपुरतेच. २०१९ मध्ये आलेल्या ‘स्पेक्टर’ या ॲपने हातात धरलेल्या फोनचे कंपही सावरले.

याच्या उलट दिशेचा एक प्रयोग नोंदवायलाच हवा. २०१० मध्ये लंडनच्या देन्त्सू आणि बर्ग या संस्थांनी आयपॅडच्या पडद्यावर अक्षरांचे आडवे काप एकामागून एक दाखवत तो हवेतून ओढला आणि त्रिमितीय प्रकाशाक्षरे टिपली. तिथे मोबाइल उपकरण कॅमेरा नव्हते, कुंचला होते. खऱ्या प्रकाशाचा स्पर्श नसलेली, पडद्यावरच हवेत रेघ काढल्याचा भास देणारी ऑगमेंटेड रिॲलिटीची ॲप मात्र या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.

तुटक रेघ

प्रिव्ह्यू सुरू करताच सर्वांत आधी नजरेत भरतो तो रेघेचा तुटकपणा. सेकंदाला ३० फ्रेमा म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद. पण कॅमेऱ्याने उजेड जास्त समजून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांचे ठेवले तर उरलेला वेळ सेन्सर काहीच टिपत नाही. हात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरत असेल तर २ सेंटिमीटरची रेघ, मग सुमारे साडेचार सेंटिमीटरची फट, पुन्हा रेघ. उपाय असा की संवेदनशीलता अगदी खाली आणायची आणि एक्स्पोजर फ्रेमच्या काळाइतके लांबवायचे. हात सावकाश फिरवल्याने फट लहान होते, पण प्रमाण तेच राहते. तुटकपणाचे कारण कधी कधी दिव्यातही असते. मंद केलेले अनेक एलईडी प्रत्यक्षात झपाट्याने चालू-बंद होत असतात. डोळ्याला सलग भासणारा असा दिवा हवेत फिरवला की ठिपक्यांची माळ उमटते.

एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ही तिन्ही आधी कुलूपबंद करावी लागतात. नाहीतर टॉर्च चौकटीत येताच कॅमेरा घाबरल्यासारखा सारे दृश्य काळे करतो आणि अंधारात फोकस शोधत भरकटतो. फोन ट्रायपॉडवर हवा, आणि बटण दाबताना बसणारा धक्काही टाळायला हवा, म्हणून टायमर लावतात. कमाल रीतीत पहिल्याच क्षणी हललेला एखादा रस्त्यावरचा दिवा शेवटपर्यंत दुहेरी दिसत राहतो. पुसण्याची सोय नाही. साठवणीची मधली प्रत राखून ठेवली तर एक पायरी मागे जाणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही, आणि फिल्मला जे कधीच शक्य नव्हते ते इथे शक्य आहे. ॲप बनवणाऱ्यांनी ही सोय अधिक मनावर घ्यावी.

पडद्यावरचे चित्र बहुधा पूर्ण आकाराचे नसते. १.२ कोटी बिंदूंच्या रंगीत फ्रेमचा हिशेब सेकंदाला ३० वेळा करायचा तर दर सेकंदाला एक गिगाबाइटहून अधिक माहिती हलवावी लागते आणि फोन तापतो. तापलेला सेन्सर अधिक कणकणीत चित्र देतो. म्हणून पुष्कळदा सुमारे २० लाख बिंदूंवर काम भागवले जाते.

रेखाटणाऱ्याची बाजू

मागच्या कॅमेऱ्याने काढताना पडद्याची पाठ रेखाटणाऱ्याकडे असते, म्हणजे प्रिव्ह्यू असूनही ज्याला हवा त्यालाच तो दिसत नाही. मग फोनजवळ दुसरे कोणी उभे राहून ‘थोडं वर घे, आता डावीकडे’ असे सांगते, किंवा फोनचे चित्र टीव्हीवर नेले जाते. पुढच्या कॅमेऱ्याने हा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो, आरशाचा. कॅमेऱ्यासमोर उभे राहून आपल्याला सरळ दिसेल असे लिहिले तर कॅमेऱ्याला ते उलटे दिसते. पुढच्या कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू आरशासारखा असल्याने लिहिताना अक्षरे सरळ भासतात, पण जतन करताना फोनने चित्र मूळ बाजूला फिरवले की नाव उलटे होते. आरशातले रूपच जतन करण्याचे सेटिंग आधी तपासून घ्यावे. हा घोळ जुना आहे. मॅन रे यांच्या १९३५ च्या त्या छायाचित्रातल्या गिरगटीत त्यांची सही दडलेली आहे, हे २००९ मध्ये चित्र आरशासमोर धरल्यावर लक्षात आले.

देवनागरी लिहिणाऱ्यांना थेट प्रिव्ह्यूचा लाभ रोमन लिपीवाल्यांपेक्षा अधिक होतो. रोमन अक्षरे सुटी असतात, एखादे वर-खाली झाले तरी शब्द वाचता येतो. देवनागरीत शिरोरेघ सगळ्या अक्षरांच्या माथ्यावरून जायला हवी. ती आंधळेपणाने मारली तर अक्षरांच्या पोटातून जाते किंवा वर अधांतरी लटकते. वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांचीही तीच गत. पडद्यावर अक्षरे दिसत असली की आधी सगळी अक्षरे लिहून, टॉर्च झाकून, मग पहिल्या अक्षराच्या माथ्यावर हात नेऊन शेवटी रेघ ओढता येते. वहीत लिहितानाचीच ही सवय. दिवाळीत फुलबाजीने हवेत नाव लिहिण्याचा मुलांचा खेळ घरोघरी चालतो, आणि हे तंत्र शिकायला तो सर्वांत सोपा धडा आहे. फुलबाजी फार उजळ असल्याने एक्स्पोजर बरेच खाली आणावे लागते. पेटवलेला लोखंडी काथ्या गरगर फिरवून ठिणग्यांचे छत्र काढण्याचा प्रकार मात्र सह्याद्रीतल्या वाळल्या गवतात कधीही करू नये, वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

काजव्यांचे दिवस

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात काजवे पाहायला गर्दी लोटते, आणि कमाल रीतीने काढलेले त्यांचे फोटो दरवर्षी सर्वत्र फिरतात. रीत तीच. फरक इतकाच की दिवा फिरवणारा माणूस नसतो. अर्ध्या तासातले शेकडो लुकलुकाट एका चौकटीत साठतात आणि झाड पेटल्यासारखे दिसते. त्या ठिकाणी उभे राहणाऱ्याला एका क्षणी इतके काजवे दिसत नाहीत, म्हणून अशा फोटोखाली तो किती मिनिटांचा आहे हे लिहायला हवे. तिथे टॉर्चने लाइट पेंटिंग करणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. काजव्यांचे चमकणे ही जोडीदारासाठी दिलेली साद असते आणि टॉर्चच्या झोतात ती पोहोचत नाही. फोनचा पडदाही तिथे शक्य तितका मंद करून खाली वळवून ठेवतात.