ठाण्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या बायका

हिंसेतून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला मदत करणारी केंद्रं महाराष्ट्रात आज कुठे कुठे आहेत ते पाहिलं, तर त्या जागांमध्येच एक इतिहास दडलेला दिसतो. पोलीस आयुक्तालयाचं आवार, महापालिकेचं रुग्णालय, कोर्टाचा व्हरांडा. याच दारांवरून तिला पूर्वी परत पाठवलं जायचं. पोलीस ठाण्यात ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण व्हायची, दवाखान्यात ‘पडली’ अशी नोंद व्हायची, कोर्टात तारीख मिळायची. त्या प्रत्येक दारात आधी कुणीतरी बिनपगारी बाई जाऊन बसली. सरकारी योजना आणि कायदे तिच्या मागून आले.

सुरुवात मात्र दारातून झाली नाही, आसऱ्यातून झाली. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे बाळंतपणासाठी येणाऱ्या विधवांपैकी अनेकींवर दिवस लादणारा पुरुष घरातला किंवा नात्यातलाच असायचा. आज त्याला आपण लैंगिक अत्याचार म्हणू. तेव्हा ‘वाकडं पाऊल’ म्हणत, आणि तेही बाईचंच. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढे पुण्याला गेलं. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. या संस्थांनी असंख्य जणींना जगवलं, शिकवलं. पण दारात यायला बाई विधवा, अनाथ किंवा टाकलेली असावी लागे. नवरा जिवंत आहे, घरात आहे आणि मारतो आहे, अशा बाईचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेलं ते रखमाबाईंचं प्रकरण. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईत दावा लावला. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं १८८७ मध्ये कोर्टाने सांगितल्यावर त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्यांच्या बचावासाठी मुंबईत समिती उभी राहिली. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात होता. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. विवाहित बाईच्या ‘नाही’ला परक्या माणसांनी उघड पाठिंबा देण्याचं इतकं जुनं दुसरं ठळक उदाहरण मला आठवत नाही. हा धागा मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षं सुटलेलाच राहिला.

तो पुन्हा हाती आला चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजला. (आता हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे.) २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिला तिथे बोलावलं होतं; घरची माणसं बाहेर थांबली होती. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नसणार, असं तर्कशास्त्र. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ याच प्रकरणानंतरच्या लढ्यातून आलं, आणि तोवर तिचं स्वतःचं नाव देशभर छापून झालं होतं. इथे ते लिहीत नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पोलीस ठाण्यात एकटी असलेली अल्पवयीन, गरीब मुलगी गप्प राहिली तर ती संमती कशी, हा त्यांचा सवाल. पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले.

त्यानंतर जे घडलं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. फोरम बलात्काराच्या कायद्यासाठी होता. पण दार वाजवत येणाऱ्या बायका घरच्या मारहाणीबद्दल बोलू लागल्या. मोर्चाला आलेली बाई सभा संपल्यावर मागे रेंगाळायची आणि हळूच विचारायची, आता घरी जाऊ की नको? या प्रश्नाला पत्रक पुरत नाही. रात्री कुठेतरी झोपायची सोय लागते, मुलांची शाळा बघावी लागते, सासरी अडकलेले कपडे, कागद, स्त्रीधन आणायला कुणीतरी बरोबर जावं लागतं. कार्यकर्त्या आपापल्या घरांत बायकांना ठेवून घेऊ लागल्या. फोरमने नावातला ‘रेप’ काढून ‘ऑप्रेशन ऑफ विमेन’ घातलं, आणि रोजच्या मदतीसाठी मुंबईत ‘विमेन्स सेंटर’ सुरू झालं. ते उभारणाऱ्यांतल्या फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस स्वतः मारहाणीचं लग्न सोडून आलेल्या होत्या. पुढे त्या वकील झाल्या आणि ‘मजलिस’ ही कायदेविषयक संस्था त्यांनी काढली. मदत घेणारी आणि मदत करणारी या दोन वेगळ्या जातीच्या बायका नाहीत, हे त्या पिढीला कुणी प्रशिक्षणात शिकवावं लागलं नाही.

पुण्यात ठिणगी पडली जून १९८२ मध्ये. सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या एका तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तिच्या नवऱ्याला निर्दोष सोडलं. (परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत बचावाचे वकील आजही त्याच निकालाची पाच तत्त्वं वाचून दाखवतात.) ‘असं झोपडपट्टीत होतं’ हा मध्यमवर्गीय पुण्याचा समज त्या मृत्यूने मोडला. ‘स्त्री’ मासिकाच्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी रस्त्यावर उतरल्या, प्रदर्शन घेऊन फिरल्या, त्यातून नारी समता मंच झाला. त्यांच्या मदत केंद्राचं नाव होतं ‘बोलते व्हा’. केंद्राला याहून नेमकं नाव मी अजून ऐकलेलं नाही. त्यात सल्ल्याचं आश्वासन नाही, फक्त ऐकण्याचं आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही कुटुंब सल्ला केंद्रं काढली.

१९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला. अशा खटल्यात संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, हे ठरलं. त्याच वर्षी दंड विधानात कलम ४९८-अ आलं. विवाहितेचा छळ पहिल्यांदाच दखलपात्र गुन्हा झाला. पण ठाण्यातल्या माणसाचं मन राजपत्राने बदलत नाही. ‘घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या’ हे वाक्य तसंच चालू राहिलं. म्हणून १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर आयुक्तालयाच्या आवारातच ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. समाजकार्य शिकलेल्या बायका पोलिसांच्या छताखाली बसायच्या, पण पोलिसांच्या हाताखाली नाही. हा फरक महत्त्वाचा होता: बाई आत शिरली तरी अधिकाऱ्याला तोंड देण्याआधी तिला आपल्या बाजूचं माणूस भेटायचं. पुढे हे कक्ष राज्यभर गेले, सरकारने स्वीकारले.

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. या कामातला सर्वांत जुना वाद ‘समेटा’चा आहे. पहिल्या काळातल्या अनेक सल्ला केंद्रांत दोघांना समोरासमोर बसवून, नवऱ्याकडून ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं लिहून घेऊन बाईला नांदायला पाठवण्याची पद्धत होती. काहींना ते यश वाटायचं: संसार वाचला. स्त्री-संस्थांचा आक्षेप असा, की मार देणारा आणि खाणारी यांना एकाच टेबलाशी बसवणं म्हणजे न्याय नव्हे. पण यालाही दुसरी बाजू आहे. बाईला खरोखर परत जायचं असतं, फक्त मार थांबायला हवा असतो. तेव्हा कार्यकर्तीने आपला राग गिळून तिच्या इच्छेने चालायचं की नाही? जुन्या कार्यकर्त्यांपैकी ज्या टिकल्या, त्या बहुतेक हे शिकून टिकल्या की निर्णय तिचा.

रुग्णालयाकडे लक्ष जायला उशीर झाला. वास्तविक मारलेली, भाजलेली, विष घेतलेली बाई ठाण्याआधी दवाखान्यातच पोचते. स्टोव्ह भडकला, जिन्यावरून पडले, चुकून औषध पोटात गेलं, अशा नोंदी हजारोंनी होत होत्या आणि केसपेपर लिहिणाऱ्या परिचारिकेला खरं काय ते बहुधा कळत होतं. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते या शतकाच्या उंबरठ्यावर. सरकारी रुग्णालयातलं देशातलं हे पहिलं. त्यातलं मर्म खोलीत नव्हतं, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात होतं: जखम पाहून विचारायचं कसं, एकटीला विचारायचं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी दार उघडं आहे हे सांगायचं. लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीची माणुसकीची पद्धतही मुंबईतल्या रुग्णालयांत ‘सेहत’ने आधी रुजवली. बाईला संभोगाची सवय आहे का हे ठरवू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ हक्कांचा भंग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं, आणि ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं २०२२ मध्ये.

गावाकडे चित्र वेगळं. पुरंदर तालुक्यात १९८७ पासून काम करणाऱ्या ‘मासूम’ या संस्थेने गावातल्याच बायकांना तयार केलं, कारण शहरातून येणारी कार्यकर्ती संध्याकाळची एसटी धरून परत जाते आणि मार बहुतेकदा रात्री पडतो. धारावीत ‘स्नेहा’ या संस्थेच्या ‘संगिनी’ही याच तत्त्वावरच्या, वस्तीतल्या बायका. त्यांची अडचणही तिथलीच: नवरा ओळखीचा, सासू भिशीतली, आणि उद्या नळावर गाठ आहेच.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. घरात राहण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी, सेवा पुरवणाऱ्या संस्थांना मान्यता हे सगळं त्याने आणलं. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ ची, एकाच छताखाली सगळी मदत देणारी केंद्राची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं २०१५ पासूनची, १८१ ही हेल्पलाइनही त्याच लाटेतली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत मात्र हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्यांच्यातही बहुतेकींनी आधी माहेर गाठलं. पोलीस, डॉक्टर, वकील, संस्था यांचा नंबर फार खाली.

या प्रवासातला ताजा टप्पा मुलांच्या बाबतीतला आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालच्या नियमांत अत्याचार झालेल्या मुलासाठी ‘सपोर्ट पर्सन’ नेमायची तरतूद आहे, म्हणजे तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत राहणारी व्यक्ती. बालकल्याण समिती ती नेमते, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक प्रत्यक्षात व्हावी म्हणून निर्देश दिले. १९८० च्या आसपास ठाण्यात ‘तुम्ही तिच्या कोण?’ असं ज्या बाईला विचारलं जायचं, तिच्याकडे आता दाखवायला नेमणुकीचा कागद असतो. त्याच कायद्याच्या कलम १९ ने तिची एक जुनी मुभा काढूनही घेतली आहे. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी ‘ताई, कुणाला सांगू नका’ म्हणत बोलायला लागते, तेव्हा तिला पहिल्याच मिनिटाला थांबवून ‘हे मला पोलिसांना कळवावं लागेल’ असं सांगायचं, की आधी ऐकून घ्यायचं, यावर कार्यकर्त्यांच्या बैठकांत आजही एकमत होत नाही.